पाकिटाचा उतारा

वाढदिवसाला कंपासपेटी नेली, की बारामतीतलं पोरगं हल्ली तोंडदेखलं 'थँक्यू काका' म्हणतं आणि पेटी आईकडे सरकवतं. आईसुद्धा तिचा कागद फाडत नाही, कारण ती पेटी पुढच्या महिन्यात दुसऱ्या कुणाच्या तरी वाढदिवसाला जायची असते. पोराला हवा असतो 'बॉक्स'. कसला बॉक्स, असं विचारलं की आपलं वय तिथल्या तिथे उघडं पडतं.

बॉक्स म्हणजे पोकेमॉनच्या कार्डांचा. भिगवण चौकातून गावात शिरा नाहीतर इंदापूरच्या एसटी स्टँडबाहेर पडा, स्टेशनरीच्या दुकानातली दर्शनी जागा आता त्याचीच आहे. गाइडं, चित्रकलेच्या वह्या, शंभर पानी, दोनशे पानी हे सगळं आत ढकललेलं. बाहेर दोरीला टांगलेल्या दहा रुपयांच्या पुड्या आणि खाली काचेत सोनेरी खोके. पोकेमॉन हे नक्की काय प्रकरण आहे ते दुकानदाराला ठाऊक नसतं आणि त्यावाचून त्याचं काही अडतही नाही. तो एवढंच विचारतो, "गोल्डन देऊ, सिल्व्हर देऊ का ब्लॅक?" सराफाच्या पेढीवरसुद्धा इतक्या थोडक्यात व्यवहार उरकत नाही.

खोक्यात ५५ कार्डं. प्लॅस्टिकची, चकचकीत, पाण्यात पडली तरी काही न होणारी. किंमत शंभर ते दोनशेच्या घरात, गिऱ्हाईक किती चिवट आहे त्यावर. बनवणाऱ्याचं नाव खोक्यावर शोधू नये. ज्याला आपलं नाव लावायचं असतं तो असली कार्डं बनवत नाही.

बऱ्याच खेळाडूंना (त्यांना खेळाडूच म्हणायचं, 'मुलं' म्हटलेलं चालत नाही) मी विचारून पाहिलं, की बाबांनो, या खोक्यात तुम्हाला नेमकं हवं तरी काय? पहिलं उत्तर सगळे एका सुरात देतात : चारिझार्ड. हा पंखवाला, आग ओकणारा प्राणी. दुसरं उत्तर : डबल नको. म्हणजे आपल्याकडे आहे तेच पुन्हा निघायला नको. तिसरं उत्तर इकडेतिकडे बघून, आवाज खाली आणून येतं : ओरिजिनल पाहिजे. ही तीन उत्तरं देऊन झाली, की तोच खेळाडू सोनेरी खोका घेऊन घरी जातो. त्यात चारिझार्ड दोन-तीन तऱ्हांचे असतात, डबल ढीगभर असतात आणि ओरिजिनल औषधाला नसतं.

ओरिजिनल ओळखण्याचं शास्त्र मात्र या मंडळींनी फार पुढं नेलंय. पुठ्ठ्याचं कार्ड हातात आलं की ते दोन बोटांत धरून उन्हाकडे करायचं आणि एक डोळा मिटायचा. खऱ्या कार्डाच्या पोटात काळसर थर असतो, त्यातून उजेड आरपार येत नाही. नकली कार्डातून सूर्य दिसतो. मग पाठीचा निळा रंग फिका आहे का गडद ते बघायचं, कडेवर नख फिरवायचं, शेवटी वास घ्यायचा. वास कशाचा घेतात ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही. एवढी परीक्षा करून 'डुप्लिकेट आहे' असा निकाल दिला जातो आणि कार्ड खिशात जातं. टाकून कुणीच देत नाही.

सोनेरी खोक्याची खरी अडचण त्याच्या नकलीपणात नाही. ती अशी, की त्यात प्रत्येक कार्ड दुर्मिळ आहे. पहिलं उघडलं, सोनेरी. दुसरं, सोनेरी. पंचावन्नावं, तेही सोनेरी. सगळेच सरपंच झाल्यावर ग्रामसभेत सतरंजीवर बसायचं कुणी? शिवाय शेजारच्या पोराने त्याच दुकानातून तोच खोका घेतलेला, त्यामुळे त्याच्याकडेही तेच सरपंच. अदलाबदल करणार काय? एरवी अदलाबदलीचं वेगळं शिक्षण बारामती-इंदापूरच्या पोरांना द्यावं लागत नाही. कोण कुठून निघून कुठं गेलं, हे त्यांच्या घरात रोज सकाळी पेपरातून मोठ्याने वाचलं जातं.

कार्डाच्या कोपऱ्यात एचपी लिहिलेला असतो. तो त्या प्राण्याचा दम. १९९९ साली इंग्रजीतला पहिला संच आला तेव्हा चारिझार्डचा एचपी १२० होता आणि पिकाचूचा ४०. पुढे व्हीमॅक्स नावाचा प्रकार निघाला आणि चारिझार्ड ३३० वर जाऊन बसला. एका नातवाने ही बातमी मोठ्या अभिमानाने आजोबांना दिली. आजोबांची उजनी धरणाच्या फुगवट्यावर मोटर आहे. ते म्हणाले, "तीनशे तीस एचपी? आरं, माझी साडेसातची हाय, तरी लाइट रातचीच मिळती. ह्याला कनेक्शन दिलं कुणी?"

ओरिजिनल खोका पुण्याहून आणावा लागतो किंवा ऑनलाइन मागवावा लागतो, आणि त्याची किंमत हजारांत जाते. सगळ्यात प्रतिष्ठेचा तो 'एलिट ट्रेनर बॉक्स'. अलीकडच्या खोक्यांत नऊ बंद पाकिटं, दर पाकिटात दहा कार्डं, कार्डांना घालायची ६५ प्लॅस्टिकची कव्हरं, एनर्जी कार्डं, फासे, टिकल्या, कप्पे पाडायचे पुठ्ठे आणि एक पुस्तिका. एका कुटुंबाने हा खोका मुलाच्या पाचवीच्या निकालावर घेतला तेव्हा मी तिथं होतो. चहा निवायच्या आत नऊच्या नऊ पाकिटं फाडून झाली. चारिझार्ड निघाला नाही. मग उरलेल्या ऐवजाची वाटणी : फासे सापशिडीत गेले, एनर्जी कार्डं धाकट्या बहिणीला 'बँक-बँक' खेळायला मिळाली, पुस्तिका चहाच्या कपाखाली. खोका मात्र चांगला जाड पुठ्ठ्याचा, झाकणाचा. त्यात आता आजीच्या बीपीच्या गोळ्या असतात. त्या खरेदीने पूर्ण समाधान झालेली घरातली एकमेव व्यक्ती म्हणजे आजी.

कव्हरांचं महत्त्व ज्यांच्याकडे ती नाहीत त्यांना विचारावं. झेरॉक्सच्या दुकानात आधार कार्डाला घालायचं प्लॅस्टिकचं पाकीट मिळतं, ते दोन-चार रुपयांत येतं म्हणून पोरांनी आधी तेच आणलं. पण पोकेमॉनचं कार्ड ६३ मिलिमीटर रुंद आणि ८८ उंच. आधारच्या पाकिटात ते काही केल्या बसत नाही. शेवटी लग्नपत्रिकेवरची प्लॅस्टिकची पिशवी कापून, कडेला मेणबत्तीचा चटका देऊन कव्हर तयार करणारा एक कारागीर सातवीत निघाला. लग्नसराईत त्याच्याकडे माल भरपूर असतो.

वडिलांना पटवण्यासाठी पोरांकडे एक हुकमी पत्ता आहे. लोगन पॉल नावाच्या अमेरिकन यूट्यूबरने २०२१ मध्ये एका पिकाचूच्या कार्डासाठी ५२ लाख ७५ हजार डॉलर मोजले. हे सांगितलं की वडील मोबाइलवर रुपये काढतात, दोनदा काढतात, आणि मग त्यांच्या बोलण्यात 'गुंतवणूक' हा शब्द येतो. पोरं पुढचं सांगत नाहीत, बहुधा त्यांनाही ठाऊक नसतं. ते कार्ड कुठल्याही पाकिटात किंवा खोक्यात कधी निघालंच नव्हतं. जपानच्या 'कोरोकोरो' मासिकाने नव्वदच्या दशकाच्या शेवटी चित्रकलेच्या स्पर्धा घेतल्या, त्यातल्या विजेत्यांना ते बक्षीस दिलं होतं. म्हणजे चित्रकलेच्या ज्या वह्या दुकानदाराने आत ढकलल्या, त्या पुन्हा बाहेर काढायला हरकत नाही.

पण इथला बाप गुंतवणुकीला एवढ्याने भुलत नाही. हा उसाचा मुलूख. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, तिकडे बिजवडीचा कर्मयोगी : घरात कुठल्या तरी कारखान्याचा शेअर असतोच. शंभर किलो ऊस गाळला तर साखर किती पडली, त्याला उतारा म्हणतात, आणि उसाचा दर त्यावर ठरतो. २०२४-२५ च्या हंगामाला केंद्राने क्विंटलला ३४० रुपये एफआरपी, म्हणजे किमान दर, धरली ती १०.२५ टक्के उताऱ्यावर. हे आकडे तोंडपाठ असलेल्या माणसासमोर तुम्ही बंद पाकीट ठेवलंत तर तो काय विचारणार? "ह्याचा उतारा किती?"

प्रश्न बिनतोड आहे. पाकिटावर चित्र चारिझार्डचं, आत काय निघेल ते नशीब. पाकिटातल्या कार्डांनी खेळायच्या या धंद्याची सुरुवात १९९३ ची. रिचर्ड गारफिल्ड हा गणितातला डॉक्टरेट झालेला अमेरिकन, त्याने 'मॅजिक : द गॅदरिंग' हा खेळ काढला. बंद पाकिटात कोणती कार्डं येतील ते माहीत नाही, ज्याची त्याने जमवायची, ज्याला नको त्याने बदलायची. गणिताचा माणूस वर्गात मास्तर होऊन राहिला तर समाजाला धोका नसतो, तो बाजारात उतरला की असं होतं. पोकेमॉनची कार्डं त्याच वाटेने १९९६ मध्ये जपानात निघाली. मॅजिकवाल्यांनी २००८ मध्ये 'मिथिक रेअर' असा नवा वरचा वर्ग काढला आणि साधारण आठ पाकिटांमागे एक मिळेल असं जाहीर केलं. मी हा आकडा कारखान्याच्या एका सभासदाला सांगितला. त्याने मनातल्या मनात भागाकार केला. "साडेबारा टक्के. जानेवारीत आमच्या उसालाबी एवढा पडत न्हाय. कारखाना चांगला चाललाय म्हणायचा."

आणि जिथं उतारा आला तिथं काटा आलाच. जुन्या पाकिटांतलं चमकी असलेलं कार्ड साध्या कार्डापेक्षा किंचित जड भरायचं. ते ध्यानात आल्यावर परदेशातल्या काही विक्रेत्यांनी बारीक वजनाचे काटे आणले, पाकिटं न फोडता तोलली, जड ती बाजूला काढली आणि हलकी गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारली. जुन्या पाकिटांच्या बाजारात 'जड' आणि 'हलकं' असे दोन भाव असतात. हे ऐकल्यावर आमच्याकडच्या मंडळींना परदेशाबद्दल प्रथमच आपलेपणा वाटला. काटा कसा मारतात यावर मग पारावर तासभर चर्चा झाली. कुठल्या कारखान्याचा विषय निघाला ते इथं लिहीत नाही, मला याच तालुक्यात राहायचंय.

घरातल्या म्हाताऱ्यांचा आक्षेप आणखी सरळ आहे. पत्ता हातात दिसला, की तो जुगार. नातवाच्या हातात पिकाचू असो नाहीतर बदामाची राणी, आजीच्या दृष्टीने दोघांचा शेवट एकाच क्लबात. आजीला मागासलेली म्हणायची सोय नाही, कारण १९९९ मध्ये अमेरिकेत काही पालकांनी हाच मुद्दा घेऊन कोर्टात दावा लावला होता : दुर्मिळ कार्डाच्या आशेने पोरं पाकिटामागून पाकीट घेतात, हा जुगारच आहे. फरक इतकाच, की त्यांना वकील लागले. आमच्या आजीने निकाल स्वयंपाकघरातूनच दिला.

बारामतीकरांनी मात्र 'आत काय निघेल' या धंद्याला फार नाकं मुरडू नयेत. आपल्या एमआयडीसीत फेरेरो या इटालियन कंपनीचा कारखाना २०११ पासून आहे आणि किंडर जॉय तिथं तयार होतं. अंड्याच्या एका अर्ध्यात क्रीम, दुसऱ्यात खेळणं. दुकानाच्या गल्ल्यापाशी रडारड करून जे अंडं घेतलं जातं आणि फोडताना श्वास रोखला जातो, तो रोखलेला श्वास आपल्या गावातून ट्रक भरून जातो. व्हेस्पाही इथलीच, आपे रिक्षाही इथलीच. पण त्यांच्या आत काय निघणार ते आधी माहीत असतं, म्हणून त्यांच्यासाठी कुणी फरशीवर लोळत नाही.

आमच्या लहानपणी खोका नव्हता, तरी भानगड हीच होती. आधी काडेपेटीचे छाप आणि सिगारेटची पाकिटं. रस्त्यावर सापडलेल्या चारमिनारला किंमत कमी, विदेशी पाकिटाला जास्त, आणि हे दर कुणी ठरवले ते कुणालाच ठाऊक नाही, तरी गावोगाव साधारण तेच. मग कुस्तीगिरांचे ट्रम्प कार्ड आले. उंची, वजन, छाती, दंड. ज्याच्याकडे योकोझुना त्याने 'वजन' म्हणायचं आणि समोरच्याचं कार्ड घ्यायचं. या खेळाचा मोठेपणा असा, की एका डब्यात दोघांचं, तिघांचं, चौघांचं भागायचं. पत्ते पिसले, वाटले, लागा कामाला. दुसऱ्या दिवशी एक कार्ड हरवायचं, तेव्हा वहीच्या पुठ्ठ्यावर हाताने लिहून नवा पैलवान घडवला जायचा. त्याची छाती नेहमी सगळ्यात मोठी निघायची.

याच्याही आधी सावंतवाडीची गंजिफा. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग, दर रंगात बारा, असे १२० गोल पत्ते, हाताने रंगवलेले, आणि ते ठेवायला तसाच रंगवलेला लाकडी डबा. तिथल्या राजवाड्यात ही कला आजही जिवंत आहे. खेळाडूला जे जे हवं ते सगळं त्या डब्यात असतं. काही कमी नाही, काही डबल नाही, मत्स्य निघाला पण कल्की काही निघेना, अशी तक्रार नाही. एकदा डबा घेतला की पणतवापर्यंत प्रश्न मिटला. धंद्याच्या दृष्टीने इतकी वाईट कल्पना महाराष्ट्रात क्वचितच कुणी काढली असेल.

आता खरी गोष्ट. पोकेमॉनच्या कार्डांचा एक खेळ असतो, हे बहुसंख्य खेळाडूंना माहीतच नाही. नियम असा : प्रत्येकाची साठ कार्डांची जुडी, साधी एनर्जी कार्डं सोडली तर एका नावाची चारच्या वर नाहीत, हातात सात घ्यायची, सहा बक्षिसाची म्हणून पालथी बाजूला ठेवायची, आणि मग समोरच्याचे प्राणी आडवे करत ती एकेक उचलायची. वार करायला एनर्जी कार्डं लागतात, तीच जी बहिणीच्या बँकेत जमा झाली. सोनेरी खोक्यात ५५ कार्डं, म्हणजे पहिल्या नियमालाच पाच कमी पडतात. त्यात व्हीमॅक्सचा भरणा, आणि व्हीमॅक्स थेट मांडताच येत नाही, आधी तोच प्राणी साध्या 'व्ही' रूपात मांडावा लागतो. म्हणून आमच्याकडे खेळाचं रूप एकच : दोघांनी एकेक कार्ड टाकायचं, ज्याचा एचपी मोठा त्याने दोन्ही उचलायची. आणि दोन्हींचा सारखाच निघाला, तर भांडायचं.

महागड्या खोक्याने तरी हे सुटतं का? नाही. नऊ पाकिटांतली नव्वद कार्डं एकाच्याच घरी. त्यांची धड जुडी लागत नाही, आणि लागली तरी समोर दुसरी जुडी घेऊन बसणारा कोण? बापाने पैसे खर्च केलेत, आता त्याने बसायचं, हे त्याला मान्य नसतं. माझं असं मत झालंय, की चारिझार्ड, डबल, ओरिजिनल ही तिन्ही उत्तरं वरवरची आहेत. खेळाडूला खोक्यात प्रतिस्पर्धी हवा असतो आणि कंपन्या त्याऐवजी आणखी एक पाकीट घालतात.

घालता येत नाही असंही नाही. पोकेमॉनवाल्यांनीच २०२० मध्ये 'बॅटल अकॅडमी' नावाचा खोका काढला : साठ-साठच्या तीन तयार जुड्या, मांडायला पट, शिकवायला पुस्तिका. चारिझार्डची जुडी आत आहे हे आधीच ठाऊक, त्यामुळे फोडताना श्वास रोखला जात नाही. निमगाव केतकीत एका ओट्यावर मी तो प्रथम पाहिला. मुंबईच्या मामाने पाठवलेला. दोन भावंडं समोरासमोर, मार किती बसला ते मोजायच्या चकत्या हरवलेल्या, म्हणून प्रत्येक कार्डावर चिंचोके. पिकाचूवर तीन चिंचोके, चारिझार्डवर अकरा. थोरली इंग्रजी पुस्तिका वाचून धाकट्याला नियम आपल्या सोयीने मराठीत सांगत होती, आणि तो "दाव कुठं लिवलंय" म्हणत बोट ठेवायला लावत होता. आजूबाजूला चार पोरं उकिडवी, त्यांतल्या दोघांच्या खिशात सोनेरी कार्डं होती. दीड तास झाला, अंधार पडला, तरी त्यांनी ती बाहेर काढली नाहीत.

तेव्हा बारामती-इंदापुरातल्या कुणा उद्योजकाला या धंद्यात पडायचं असेल तर माझी मागणी लिहून घ्यावी. एका खोक्यात साठ-साठच्या दोन जुड्या. मराठीत छापलेला दोन पानी नियमांचा कागद, ज्यावर बोट ठेवता येईल. चिंचोके आमचे आम्ही आणू. पुठ्ठा जाड ठेवा, आजीच्या गोळ्यांचं बघायचं आहे. किंमत पाचशेच्या आत. चारिझार्ड दोघांत मिळून एकच घाला, आणि तो कोणत्या जुडीत आहे ते बाहेर अजिबात छापू नका.